पंखाच्या पलीकडची

नूरबी गेल्याचं आरिफला ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी तो तिच्यावर चिडलेला होता.

बरेच दिवस ती शेडवर फिरकली नव्हती. भावाला भेटून येते म्हणून दौंडच्या एसटीत बसली ती बसलीच. इकडं विमानाचा उजवा पंख अर्धा शिवून तसाच उभा. आप्पांनी रोज विचारायचं आणि आरिफनं रोज उद्या येतील म्हणून सांगायचं, असं चाललं होतं.

शिरूरच्या बाहेर, पुणे-नगर रस्त्याला लागून ही पत्र्याची उंच शेड. दारावर ‘विमान संग्रहालय’ अशी पाटी होती. निमोण्याचे दत्ताआप्पा हवाई दलातून निवृत्त होऊन आले, ते एक मोडकं शिकाऊ विमान ट्रकवर घालूनच. दोन माणसं बसतील एवढंच, लाकडाचं आणि कापडाचं. ते पुन्हा उडणार नव्हतं. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत्ता उडेल, असा आप्पांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या जमिनीत शेड टाकली, कोरेगाव भीमाच्या कारखान्यातून आरिफसारखा चांगला फिटर उचलून आणला आणि पंखाचं कापड शिवायला शिरूरची गोधड्या शिवणारी नूरबी शोधली.

पंख आडवा ठेवून शिवता येत नाही. तो कडेवर उभा करायचा आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसायचं. लाकडी फासळ्यांवर कापड ताणलेलं असतं. अलीकडच्यानं हातभर लांब सुई खुपसायची, पलीकडच्यानं ती ओढून घ्यायची, दोरा फासळीला आवळायचा आणि सुई परत धाडायची. दिवसभर शिवलं तरी समोरच्याचं तोंड दिसत नाही. सुई दिसते, आणि आवाज ऐकू येतो. गेलं वर्षभर आरिफ अलीकडं बसायचा आणि नूरबी पलीकडं. तिला तो खाला म्हणायचा.

त्या सकाळी दाराचा पत्रा वाजला. पलीकडं कुणीतरी येऊन उभं राहिलं. सकाळचं ऊन त्या बाजूनं येत होतं, त्यामुळं कापडावर डोक्यावरून पदर घेतलेली सावली पडली.

“आलात का एकदाच्या?” आरिफ म्हणाला. “मला वाटलं, दौंडला गोधड्यांचा कारखानाच काढला. आज चहा मिळणार न्हाई, सांगून ठेवतो. बसा आता.”

पलीकडून उत्तर आलं नाही. रुसल्या असतील, असं समजून त्यानं सुई खुपसली. पलीकडं ती कुणीतरी धरली... पण ओढली नाही. थोडा वेळ सुई तशीच राहिली. मग दोरा सरकला, गाठ बसली आणि सुई परत आली. अगदी भोकाला लागून, सरळ.

“हात सुधारला की खाला. भावानं बदाम चारले वाटतं.”

“खाला नाहीत,” पलीकडून आवाज आला. तरुण होता, आणि बसलेला. “मी त्यांची भाची. सुमैया. फुफी गेल्या गुरुवारी... गेल्या. झोपेतच. दौंडलाच माती दिली.”

आरिफच्या हातात सुई होती. ती कुठं ठेवायची हे त्याला सुचेना. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे तोंडातून निघालं ते भलतंच होतं.

“चहा ठेवतो,” तो म्हणाला.

“आत्ताच म्हणालात, मिळणार नाही.”

तो कोपऱ्यातल्या स्टोव्हकडं गेला. तीन काड्या मोडल्या. चौथी पेटली, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळं वात कुठं आहे तेच दिसेना. तेवढ्यात पंखाला वळसा घालून ती आली, त्याच्या हातातली काडीपेटी घेतली आणि स्टोव्ह पेटवला. तो सावरेपर्यंत ती पातेल्याकडं बघत राहिली, हे आरिफच्या नंतर लक्षात आलं. फार आवडलं ते त्याला.

नूरबीनं वर्षभर पंखाच्या पलीकडून हिच्याबद्दल इतकं सांगितलं होतं की त्यानं तिला रस्त्यातही ओळखलं असतं. भुवया जुळलेल्या, डाव्या हातानं शिवणारी, आणि नूरबीच्याच शब्दांत, जिभेला कात्री. सांगितलं नव्हतं ते एवढंच, की ती अशी समोर उभी राहिली की माणसाला स्वतःच्या हातावरचं ग्रीस दिसायला लागतं.

तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. लांब सुई, मेणाचा गोळा आणि बोटाला घालायचं पितळेचं टोपण. नूरबी ही हत्यारं रोज घरी न्यायची. शेडची अमानत आहे, परत द्यायची होती, असं सुमैया म्हणाली. ती आणि तिची अम्मी सुफिया शिरूरला नूरबीच्या घरी राहायला आल्या होत्या. घर आवरायचं होतं, आणि चाळिसाव्या दिवसाची फातिहा इथंच करायची होती, कारण नूरबीला ओळखणारी सगळी माणसं इथं होती. त्यानंतर त्या दौंडला परत जाणार होत्या.

चहा पिऊन झाल्यावर ती पुन्हा पंखाशी गेली. अर्ध्या वाटेवर थांबलेल्या टाक्यांवरून तिनं बोट फिरवलं. शेवटच्या टाक्याचा दोरा लोंबत होता.

“पुढचं कोण शिवणार?”

“आप्पा पुण्याहून माणूस बघतायत.”

“कशाला?” तिनं टोपण बोटात घातलं. “इथपर्यंत फुफी. इथून पुढं मी. चाळिसाव्याच्या आत होईल. तुम्ही फक्त तुमच्या बाजूला बसा.”

आप्पांनी तिचा एक टाका बघितला आणि होकार दिला. पण शेडचे नियम ऐकवले. विमानाच्या आत काहीही विसरायचं नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली होती. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. हवाई दलात विसरलेल्या एका पान्ह्यानं माणसं जातात, हे आप्पा रोज सांगायचे. हे विमान उडणार नाही, असं एकदा आरिफ म्हणाला होता. त्यावर आप्पा दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

एकट्या मुलीनं रोज शेडवर जायचं म्हटल्यावर सुफियाबी काळजीत पडल्या. त्यावर नूरबीची शेजारीण धुरपदा पुढं झाली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई. म्हणाली, “म्या जाते की संगं. मला बी इमान बघायचं हाय. आन् माझी नदर चुकवून काय करील, असा गडी अजून जलमला न्हाई.” मग ती रोज येऊ लागली. दाराशी पोत्यावर बसून तांदूळ निवडायची, आणि ऊन पाठीवर आलं की भिंतीला टेकून घोरायची. तिचं घोरणं खरं किती आणि खोटं किती, हे आरिफला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या दिवशी त्यानं सुमैयाला सगळं विमान फिरून दाखवलं. रविवारी शाळेची पोरं यायची तेव्हा त्याचं सगळं पाठ असायचं. कुठं उभं राहायचं, काय सांगायचं, कुठं हसायचं. पण तिला दाखवताना ते पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आठवलं नाही. घोडीवर ठेवलेलं इंजिन, एकामागं एक दोन खुर्च्या, पायाखालची दांडी दाबली की शेपटीचं सुकाणू कसं वळतं ते. सगळीकडं डोपचा वास, म्हणजे कापड ताणून घट्ट करायला वर लावतात त्या लुकणाचा. ते डाव्या पंखाला लावायचं अजून बाकी होतं. तो पंख नूरबीनं पुरा करून भिंतीशी ठेवला होता.

सुमैया पुढच्या खुर्चीत चढून बसली. दोन्ही हात दांडीवर ठेवले. समोर शेडची पत्र्याची भिंत होती, पण ती अशी बघत होती जणू भिंत नाहीच.

“कुठं निघालात?” आरिफनं खालून विचारलं.

“दौंड.”

“एसटी जाते की दौंडला.”

“एसटी वाटेत न्हावऱ्याला थांबते,” ती म्हणाली. “तुम्ही मागं बसणार की नुसते खालून तिकीट तपासणार?”

त्यानं धुरपदाकडं पाहिलं. धुरपदा घोरत होती, पण एक डोळा उघडा होता. तो खालीच राहिला.

काम सुरू झालं. सुई जायची, सुई यायची. पहिले काही दिवस टाक्यापुरतंच बोलणं व्हायचं. वर, खाली, जरा थांबा. मग एके दिवशी पलीकडून आवाज आला, “दोरा इतका आवळू नका. कापडाला श्वास राहू दे.”

“खालाही हेच म्हणायच्या.”

“माहीत आहे. घरी येऊन सांगायच्या. म्हणायच्या, पोरगा चांगला आहे, पण प्रत्येक गाठ अशी मारतो, जशी उद्या कुणी सोडवायला येणार आहे.”

आरिफ पुढच्या गाठीला थोडा सैल झाला. तिनं पलीकडून दोरा दोनदा हलकेच ओढला. ते ठीक आहे म्हणून होतं. त्या दिवसापासून ठीक आहे म्हणायला तिनं तोंड वापरलंच नाही, दोराच वापरला. दोनदा ओढला की ठीक. एकदा ओढला की चुकलं. आणि कधी कधी, काहीच कारण नसताना, तीनदा ओढायची. तीनदाचा अर्थ तिनं कधी सांगितला नाही, त्यानं विचारलाही नाही. रात्री शेडशेजारच्या खोलीत पडला की आज किती वेळा आला ते मात्र आठवत बसायचा.

तिला त्याच्याबद्दल बरंच माहीत होतं. तो भाकरी उभ्याउभ्या खातो, कोरेगावला त्याची आई आहे, कारखान्यात पगार जास्त असून तो इथं रमला. नूरबीचं तोंड पंखाच्या दोन्ही बाजूंना सारखंच चालत होतं तर. हे कळल्यावर दोघंही हसले. मग सुई मध्येच थांबली. पलीकडच्या त्या पाटावर इतके दिवस कोण बसायचं ते दोघांनाही एकाच वेळी आठवलं होतं.

एकदा दुपारी दोन्हीकडून उजेड येत असताना त्यानं मान वर केली, तर कापडावर तिची सावली होती. ती सुई तोंडात धरून दोन्ही हातांनी केस बांधत होती. त्यानं नजर खाली घातली. मग पुन्हा वर केली.

“सुई कुठं अडली?” पलीकडून आवाज आला.

“अलीकडंच आहे.”

“मग पाठवा की. का नुसती बघायची आहे?”

कापड पातळ असतं, आणि सावली दोन्ही बाजूंना पडते, हे आरिफच्या तेव्हा ध्यानात आलं. तो कानापर्यंत लाल झाला. पलीकडून दोरा तीनदा ओढला गेला.

सगळं असं सरळ चाललं असतं, पण एके दुपारी तिनं सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं.

“फुफींनी माझ्यासाठी मुलगा पाहिला होता. शिरूरचाच.”

सुई आरिफच्या बोटात गेली.

“मरायच्या आदल्या रात्री अब्बांना म्हणाल्या, दुसरीकडं बघू नको, मी पाहून ठेवलाय. पंख शिवून झाला की नाव सांगेन. अब्बांनी शब्द दिला. आणि नाव सांगायच्या आतच...” ती थांबली. “आता अम्मी शिरूरभर शोधत हिंडतेय. फुफीचा शब्द शेवटचा म्हणते. तो मुलगा मिळेपर्यंत दुसऱ्या कुणाचं नाव घरात घ्यायचं नाही.”

“मिळाला का?” आरिफनं विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यानं प्रयत्न केला.

“शोधतायत. तुम्हाला काही माहीत आहे? फुफी तुमच्याशी सगळं बोलायच्या.”

त्यानं खूप आठवून पाहिलं. वर्षभराच्या गप्पांत नूरबीनं शिरूरमधल्या कितीतरी मुलांची नावं घेतली होती. स्टँडसमोरच्या घड्याळवाल्याचा मुलगा, पेठेतला मेडिकलवाला, मार्केट यार्डात हमालांचा मुकादम झालेला तो उंच पोरगा. सगळ्यांची स्तुतीच केली होती. स्वतःचं नाव मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. तो शिरूरचा नव्हताच, कोरेगावचा होता. आणि पंखापलीकडं बसून दिवसभर ज्याच्या चुका काढायच्या, त्याला कुणी जावई करत नाही, असं त्याला वाटलं.

त्याला सुमैयाला विचारायचं होतं. चाळिसाव्याच्या आत विचारायचं होतं, कारण त्यानंतर ती दौंडला जाणार होती. आणि आता विचारायचं तर मेलेल्या माणसाच्या शब्दाच्या आड यायचं. तेही नूरबीच्या. दुसऱ्या कुणाचा शब्द असता तर आरिफ आडवा गेला असता. तिच्या शब्दाला जाववेना.

त्यात सुफियाबींनी त्यालाच कामाला लावलं. तू नूरबीच्या जवळचा, तूच चौकशी कर म्हणाल्या. मग आरिफ घड्याळवाल्याकडं गेला. त्याच्या मुलाचं ठरलेलं निघालं. मेडिकलवाला तर नूरबीला फक्त खोकल्याच्या औषधापुरता ओळखत होता. मुकादमाला दोन पोरं होती. प्रत्येक वेळी परत येऊन हे सांगताना आरिफचा चेहरा जेवढा खुलायचा, तेवढा चौकशी फसलेल्या माणसाचा खुलत नाही. हे धुरपदानं बघितलं. सुफियाबींनी नाही.

फातिहेच्या आधीचा रविवार आला. उजव्या पंखाचा एक कोपरा शिवायचा तेवढा राहिला होता. दौंडच्या एका शाळेची सहल आली होती. सुफियाबीही पहिल्यांदाच शेड बघायला आल्या होत्या. नणंद वर्षभर जिथं बसली ती जागा बघायची होती त्यांना. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून पोरांना डावा पंख दाखवत होते. टाका कसा एकसारखा, कापड कसं ताणलेलं, पन्नास वर्षं काही होणार नाही.

तेवढ्यात पंखाच्या टोकातून उंदीर निघाला.

आधी नाक आलं, मग मिश्या. त्यानं आप्पांकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं आणि घाई न करता खाली उतरून पाइपांच्या मागं गेला. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. पंखाच्या टोकाला मुठीएवढं भोक होतं, कडेनं कुरतडलेलं.

सहल गेल्यावर आप्पा आरिफसमोर उभे राहिले. ते ओरडले नाहीत. तेच वाईट होतं.

“शेडमधी भाकरी कोण खातं?”

“मी,” आरिफ म्हणाला.

“उभ्यानं खातोस. चुरा पडतो. उंदीर येणार न्हाई तर काय येईल? रूल काय सांगितला होता मी?” त्यांनी हात पुढं केला. “किल्ली दे. कोरेगावला जा. कारखाना घेईल तुला परत.”

आरिफला बोलता आलं असतं. आपण दारात खातो, चुरा बाहेर झाडतो, हे सांगता आलं असतं. पण नूरबीचा पंख त्याच्या राखणीत होता आणि तो खाल्ला गेला होता. त्यानं किल्ली काढली.

“आप्पा, थांबा जरा,” सुमैया म्हणाली.

ती भोकाशी वाकून बघत होती. आत बोट घालून तिनं काहीतरी चाचपलं. तिचा चेहरा असा झाला की हसायचं की रडायचं हे तिलाच ठरवता येईना.

“कोपरा उसवा,” ती आरिफला म्हणाली. “चुरा असा आत जात नाही. कुणीतरी ठेवलंय.”

आप्पांनी मान हलवली. आरिफनं पातं घेऊन नूरबीचे टाके एकेक करून कापले. कोपरा उघडला, तशी आतून हिरव्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली पुरचुंडी खाली पडली. चिंधी कुरतडलेली होती. आत बाजरीच्या भाकरीचा वाळका तुकडा होता, बोटांचे ठसे अजून उमटलेले.

सुफियाबी जवळच्या लाकडी खोक्यावर बसल्या.

“काय हाय हे?” आप्पांनी विचारलं.

“गोधडीचं पोट,” सुमैया म्हणाली. “फुफी गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालायच्या. गोधडी उपाशी ठेवायची नाही, म्हणजे ती ज्याच्या अंगावर जाईल तोही उपाशी राहत नाही, असं मानायच्या.”

“अगं पण इमानाला कशाला?” धुरपदा म्हणाली. “माझ्या गोधडीत न्हाई घातला तिनं. म्या इचारलं व्हतं. तर म्हणली, तुझी इकतची हाय.”

“विकायच्या गोधडीत ती कधीच घालायची नाही,” सुफियाबी हळूच म्हणाल्या. “फक्त घरच्यांच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या गोधडीत घातला होता. सुमैया झाली तेव्हा तिच्या दुपट्यात. बस. तिसरी कुठली मला माहीत नाही.”

सुफियाबींनी पंखाकडं पाहिलं. मग त्यांची नजर सावकाश फिरत, पातं हातात धरून उभ्या असलेल्या आरिफवर आली आणि तिथंच राहिली. नणंदेनं वर्षभर ज्याच्याबरोबर पंख शिवला, आणि आपण घड्याळवाल्याकडं, मेडिकलवाल्याकडं, मुकादमाकडं ज्याला पाठवलं होतं, तो हा.

“आता नाव कशाला पायजे आनखी?” धुरपदा म्हणाली आणि तांदळाचं सूप उचलून बाहेर गेली. जाताजाता आप्पांच्या सदऱ्याला धरून त्यांनाही ओढलं. “चला आप्पा. सुफियाबी, तुमी बी. मला उंदरांचं लई भ्या वाटतं.”

आप्पा दारापर्यंत गेले, परत आले आणि किल्ली आरिफच्या खिशात टाकली. “तरीबी शेडमधी भाकरी खायची न्हाई,” म्हणाले आणि गेले.

सुमैया उजव्या पंखाच्या पलीकडं जाऊन बसली होती. आरिफ अलीकडं बसला. सवयच झाली होती तशी. समोरासमोर जे बोलता येत नव्हतं ते इथून येईल असं वाटत होतं. सुई पंखात अर्धी तशीच होती.

“सुमैया.”

“हं.”

“ईद झाली की मी... दौंडला येऊ का? अब्बांना भेटायला. आईला घेऊन.”

“एसटीनं?”

“विमान उडत नाही अजून.”

पलीकडं ती हसली. ते हसणं तो नंतरही ओळखत राहिला. त्यात थोडं पाणी होतं.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “फुफींनी अब्बांना नाव सांगितलं नाही. मला खूण सांगितली होती. म्हणाल्या, तो रोज म्हणतो चहा मिळणार नाही, आणि रोज पाजतो. मी इथं आले, तर पहिल्या बोलण्यातच ते.”

आरिफचं तोंड उघडंच राहिलं. “मग मला गावभर का फिरू दिलं? मुकादमाच्या बायकोनं मला हाकलून दिलं.”

“माहीत आहे. धुरपदामावशींनी सांगितलं.”

“सांगायचं नाही का मग?”

“फुफींनी पाहिला होता,” ती म्हणाली. “मला पाहायचा होता.”

आरिफनं सुई पुढं सरकवली. पलीकडून ती धरली गेली आणि दोरा तीनदा ओढला गेला.

“आता तरी सांग, तीनदा म्हणजे काय?”

“आता तरी कळू दे तुला,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तू म्हणाली होती.

ईद झाली. आरिफ आईला घेऊन दौंडला गेला. सुमैयाच्या अब्बांनी बहिणीला दिलेला शब्द होता, त्यामुळं विचारण्यासारखं त्यांच्याकडं फार नव्हतं. एकच विचारलं, उंदराचं खरं का. निकाह साधाच झाला. सुफियाबींनी लेकीबरोबर तिचं लहानपणचं दुपटं पाठवलं आणि दोघं शिरूरला नूरबीच्या घरात राहायला आली.

डाव्या पंखाला तळहाताएवढं ठिगळ लावलं. आरिफनं दोन्ही पंखांवर डोप लावला, रंग दिला, पंख विमानाला जोडले. ते आता खरंच आत्ता उडेल असं दिसतं. दोन हजार साल उजाडलं तसे पुण्याहूनही लोक बघायला यायला लागले. सुमैया रविवारी शेडवर असते. पोरांसमोर पंखाचा तुकडा उभा करून दोघं टाका घालून दाखवतात. तो अलीकडं, ती पलीकडं.

उजव्या पंखाच्या टोकाला मात्र कापड नुसतं टाचून ठेवलेलं दिसतं. लोक विचारतात. आरिफ सांगतो, काम चालू आहे.

आधी आप्पा अडून बसले होते, की विमानात अन्नाचा कण जाणार नाही. आणि सुमैया अडून बसली होती, की उपाशी कोपरा मी शिवणार नाही. वर्षभर ते चाललं. मग एके दिवशी आप्पांनीच घट्ट झाकणाची जस्ताची एक छोटी डबी करून आणली. फळीवर तिची आकृतीही रंगवली. म्हणाले, हिच्यात घाल, नूरबीला नाराज करायचं न्हाई.

पण आता सुमैयाच म्हणते, भाकरी फुफीसारखी झाली पाहिजे. कडेला पातळ, मध्ये मऊ, आणि बोटांचे ठसे उमटलेले. ती दर शुक्रवारी करून बघते. आरिफ दारात उभ्यानं खातो आणि छान झाली म्हणतो. ती एक तुकडा तोंडात घालते, थोडा वेळ चावत राहते आणि मान हलवते.

डबी फळीवर रिकामी आहे. उजव्या पंखाचा तो कोपरा अजून शिवायचा राहिला आहे.